‘उघडू नका मॅडम, हवाबंद केलंय’

मामाने स्पीकर दिले तेव्हा एकच अट घातली होती, विकायचे नाहीत. मी विकले नाहीत. त्यांच्यातले वूफर, म्हणजे खोल सुरांचे मोठे गोल भाग, दोन टॉवेलांत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन, माझ्या हाताने चोराकडे पोचते केले. वर त्याला साडेनऊ हजार रुपयेही दिले.

मामा १९७१ मध्ये बोस्टनला एम.एस. करायला गेला. तिथे नोकरीच्या पहिल्या वर्षात त्याने ही जोडी घेतली आणि १९७६ मध्ये परत येताना बोटीने आणली. अकूस्टिक रिसर्चचे एआर-२एएक्स. बोस्टनच्या नदीपलीकडच्या केंब्रिजमध्ये एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ मध्ये ही कंपनी काढली होती. दोन फूट उंचीच्या दोन पेट्या, एकेक सोळा-सतरा किलोची. आत दहा इंची वूफर, मधल्या सुरांचा छोटा कोन (शंकूच्या आकाराचा पडदा) आणि वरच्या सुरांचा इवलासा घुमट.

विल्चरची युक्ती दोन ओळींत सांगते, कारण पुढची सगळी फसवणूक तिच्यावरच उभी आहे. त्याने पेटी पूर्ण बंद केली आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचं काम दिलं. त्यामुळे वूफरची स्वतःची पकड अगदी सैल ठेवता आली. बाहेर काढलेल्या अशा वूफरचा कोन बोटाने हलकेच दाबला तर तो तेलावरून सरकल्यासारखा आत जातो. बसवलेला असताना दाबला तर सावकाश, दमाने बाहेर येतो. छोट्या पेटीतून एवढा खोल आवाज निघतो तो यामुळे. याचंच नाव अकूस्टिक सस्पेन्शन. मात्र पेटीला बारीकशी फट राहिली तरी सगळं मुसळ केरात.

लॉकडाऊनमध्ये सोल्डरिंग शिकले होते, म्हणून वूफर सोडून दुरुस्तीचं बाकीचं काम घरीच केलं. अक्रोडाच्या व्हीनियरवरचे चहाच्या कपांचे गोल डाग बारीक पॉलिश पेपरने घासून काढले आणि वर जवसाच्या तेलाचे तीन हात दिले. मागच्या बाजूला आवाज कमी-जास्त करायचे दोन पॉट, म्हणजे फिरवायची बटणं, असतात. ते फिरवले की नुसती खरखर यायची. उघडले तर आत कळंक, कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्याला चढतो तसला हिरवा. या मॉडेलचं हे जुनं दुखणं आहे. घासले, धुतले, पुन्हा बसवले. कपॅसिटर पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून आणले. दुकानदाराने आधी माझ्याकडे, मग माझ्या मागे कोणी पुरुष उभा आहे का तिकडे पाहिलं आणि मग माल काढला. असो.

राहिले वूफर. कोनाच्या कडेला असलेल्या फोमच्या कड्याचा पार चुरा झाला होता. बोट लावलं की काळा, चिकट भुगा. हा पॉलियुरेथेनचा फोम दमट हवेत पंधरा-वीस वर्षांत असाच विरतो. यात वूफर खराब झाला असं नसतं, फक्त कडं नवं लावायचं असतं. पण लावताना कोनामागची तारेची कॉइल चुंबकाच्या फटीत बरोबर मध्ये बसली नाही तर ती घासते, आणि फट केसाएवढी. तिथे माझा धीर सुटला.

वूफर काढले तेव्हा एकाच्या चुंबकावर, धुळीखाली, निळ्या शाईत काहीतरी खरडलेलं दिसलं. कारखान्यातल्या कुणीतरी लिहिलं असेल म्हणून मी धूळ पुसलीसुद्धा नाही. फोटोही काढला नाही. एरवी मी भाजीवाल्याच्या काट्याचासुद्धा फोटो काढते.

कारागीर एका ओळखीच्यांनी सुचवला. पेठेतलं बोळकंडीएवढं दुकान, भिंतभर टांगलेले कोन, डेंड्राइट गोंदाचा वास. त्याने वूफर हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि म्हणाला, “मॅडम, हा अकूस्टिक सस्पेन्शनचा माल. याला ऐरागैरा फोम चालत नाही. कडक लागला तर बेस गेला समजा.” शब्दन् शब्द खरा. मी तिथेच विरघळले. ज्याला इतकं कळतं तो माणूस नेकीचाच असणार, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. हातातल्या वस्तूची किंमत दुकानात त्यालाच सगळ्यात चांगली कळत होती, हे काही डोक्यात आलं नाही.

दोन्हींचे मिळून साडेनऊ हजार ठरले, चार हजार आगाऊ. बिल मागितलं तर म्हणाला, “बिल घेतलं तर अठरा टक्के वर लागतील.” मी बँकेत नोकरी करणारी बाई, रोज दहा लोकांना ‘पावती घेतली का?’ विचारते. इथे मात्र मुकाट्याने मोबाइलवरून पैसे पाठवले आणि त्याच्या कार्डामागे ‘२ वूफर, १० इंच, फोम’ एवढं लिहून घेऊन घरी आले.

तीन आठवड्यांचे सात झाले. मग एका रविवारी फोन आला, वूफर तयार आहेत, तो स्वतः घरी येऊन बसवणार. मी म्हटलं, दुकानात येऊन घेऊन जाते, बसवते मीच. तर म्हणे, “नको नको, हवाबंद करायचं असतं मॅडम, ते आमचं काम.” हेही खरंच.

आला एका पोऱ्याला घेऊन. पुढचा अर्धा तास मला कशी पळवली ते आता आठवलं की हसू येतं. जुना पेपर मिळेल का? ओलं फडकं? एक्स्टेन्शन बोर्ड? मग “चहा साखर कमी”. मी चहा घेऊन बाहेर येईपर्यंत दोन्ही वूफर पेटीत बसले होते आणि कडेने पांढऱ्या सिलिकॉनचा जाड बांध घातला होता. घरभर व्हिनेगरसारखा वास. मूळ वूफरभोवती राखाडी, मळलेल्या कणकेसारखी पुटी होती. कंपनीच ती लावायची. ती दाबून बसवायची, पुन्हा काढता येते. सिलिकॉन कशाला, मी विचारलं. “पुटी सुकते. हे कायमचं. आता उघडू नका मॅडम, हवाबंद केलंय. सील तुटलं की वॉरंटी संपली.” उरलेले साडेपाच हजार घेतले आणि गेला.

संध्याकाळी तबला लावला. दायां छान, टणटणीत. डग्गा मात्र टेबलावर थाप मारल्यासारखा. घुमारा नावाला नाही. फोन केला. “नवा फोम आहे, पन्नास तास वाजवा, सैल होईल.” नवा फोम थोडा सैल होतो हेही खोटं नाही. मी वहीत तास लिहून ठेवले. स्वयंपाक करताना वाजवलं, ऑफिसला जाताना चालू ठेवून गेले. शेजारच्या काकूंनी विचारलं, “घरात क्लास सुरू केलास का गं?” बावन्न तास झाले आणि डग्गा होता तिथेच. पुन्हा फोन केला तर म्हणे अ‍ॅम्प्लिफायर कमजोर आहे. त्यानंतर फोन उचलायचंच त्याने बंद केलं.

मामा आता सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. वरचे सूर त्याला फारसे ऐकू येत नाहीत. आला, खुर्चीत बसला, दहा मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, “डग्गा कुठे गेला गं?” मी पन्नास तासांची गोष्ट सांगितली. तो काही न बोलता उठला, जाळीचं कापड काढलं आणि चार बोटं पसरून कोन दाबला. कोन हलला, पण नवीन गादीच्या कोपऱ्यासारखा ताठ, आणि सोडताच टपकन परत. “हा माझा नव्हे,” मामा म्हणाला. “मागे बघितलंस? मी लिहिलंय त्याच्यावर. दादरहून इकडे बिऱ्हाड हलवलं तेव्हा टेंपोत हादरून आतली तार सुटली होती. उघडला तेव्हा अदलाबदल व्हायला नको म्हणून लिहून ठेवलं. डावा, दिवाळी ८३.”

सिलिकॉन कापायला दोन तास लागले. कटरची तीन पाती मोडली, लाकडाच्या कडेचा एक टवका उडाला. आतून निघाला पत्र्याचा फ्रेमवाला साधा पीए वूफर, लग्नाच्या मांडवात लागतो तसला. चुंबकावर लेबल खरवडून काढल्याचा डिंक. मूळ स्क्रूची भोकं जुळली नव्हती, म्हणून ती एम-सीलने बुजवून शेजारी नवी पाडली होती. मल्टिमीटर लावला तर एक ५.८ ओहम, दुसरा ६.९. ठगवायला तरी एका जोडीचे आणायचे!

दुकानात गेले. “तुम्ही हेच आणले होते. फोटो आहे का?” नव्हता. पुढच्या वेळी नवऱ्याला सोबत नेलं तर माझ्याकडे न बघता त्याला म्हणाला, “सर, मॅडमचा गैरसमज झालाय.” स्पीकरची कोणती बाजू पुढे असते हे नवऱ्याला आजही नीट माहीत नाही.

दीड महिन्याने एका मित्राने स्क्रीनशॉट पाठवला. जुन्या वस्तूंच्या विक्रीची जाहिरात: ‘ओरिजिनल अमेरिकन १० इंची वूफर, जोडी, फोम नवीन, ३२,०००’. विकणाऱ्याचं नाव वेगळं, गाव वेगळं. तिसऱ्या फोटोत चुंबकाची पाठ. थिनरने पुसलं होतं, पण घाईत. निळसर धब्ब्याच्या टोकाला ‘ळी ८३’ तेवढं शिल्लक. जाहिरातीवर ‘विकले गेले’ अशी पट्टी होती.

पोलीस चौकीत अर्ज घेतला, शिक्का मारला, तिथेच थांबलं. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि प्रकार घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं. माझ्याकडे काय पुरावा आहे? पैसे पाठवल्याच्या दोन नोंदी, कार्डाची मागची बाजू, जाहिरातीतलं अक्षर ताडून बघायला मामाच्या अक्षरातली दोन कागदपत्रं, तो स्क्रीनशॉट, आणि ‘सील तुटलं की वॉरंटी संपली’ हे त्याने नंतर पुन्हा पाठवलेलं व्हॉइस मेसेज. तारीख लागली आहे. बघू.

तुमच्या घरी असं काही पडून असेल आणि दुरुस्तीला द्यायचं असेल तर आधी चुंबकासकट सगळ्या बाजूंनी फोटो काढा. वूफर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन लिहा, मल्टिमीटरचा आकडा लिहा आणि त्या कागदावर दुकानदाराची सही घ्या. सही द्यायला जो कुरकुरला त्याच्याकडून वस्तू उचलून सरळ चालू लागा. आपली खूण फ्रेमच्या आतल्या बाजूला करा. परत घेताना दुकानातच घ्या आणि कोन बोटाने दाबून बघा. देताना जसा लागला तसा लागतोय का, एवढंच. काढून टाकलेला कुजका फोमही मागून घ्या, तुमचाच वूफर उघडला असेल तर तो त्याच्याकडे असतोच. आणि सिलिकॉन लावू देऊ नका. हवाबंद करायला पुटी पुरते. सिलिकॉन तुम्ही आत बघू नये म्हणून असतं.

मी मागच्या महिन्यात जुन्या बाजारातून तीनशे रुपयांना फुटक्या कडांचे दोन वूफर आणले आणि फोम स्वतः लावला. गोंद ओला असताना अ‍ॅम्प्लिफायरमधून ३० हर्ट्झचा मंद सूर सोडायचा. कॉइल त्या थरथरीत आपोआप मध्ये येते, घासली तर लगेच खर्र आवाज येतो. पहिला बिघडवला, दुसरा जमला. सगळे मिळून दोन संध्याकाळ. ज्या कामाला घाबरून मी टॉवेल गुंडाळले होते, ते हे.

मामाच्या पेट्या सध्या कोपऱ्यात आहेत, दहा इंची भोकांवर पुठ्ठा लावून. त्याच जातीची जुनी जोडी अमेरिकेतून भाच्याच्या सामानात येईल असं चाललं आहे, फोम कुजलेलाच. परवा मामाचा फोन होता. म्हणाला, “आले की आधी नाव घाल त्यांच्यावर. आणि शाईने नको, खिळ्याने कोर.”