डिस्नी वर्ल्डच्या गर्दीत आई-बाबांसाठी काय घ्यावं: स्कूटर की व्हीलचेअर?

भारतातून आलेल्या आई-बाबांना ऑर्लँडोला न्यायचं ठरलं की तिकिटांच्या पाठोपाठ गुडघ्यांचा विषय निघतो. “आम्ही चालू की!” हे ऐकून घ्यावं, पण त्याच्या भरवशावर बेत आखू नये. डिस्नी वर्ल्डमधल्या एपकॉट या पार्कात तळ्याभोवती मांडलेल्या ११ देशांच्या दालनांचा नुसता फेराच सुमारे २ किलोमीटरचा आहे. मग बॅटरीवरची स्कूटर घ्यायची की कुणीतरी ढकलायची व्हीलचेअर?

स्कूटर चालवायला अवघड नाही. हँडलजवळचा लिव्हर दाबला की ती पुढे जाते, सोडला की थांबते. वेगाच्या बटणावर बहुधा ससा आणि कासव काढलेले असतात. गर्दीत काटा कासवावरच ठेवायचा. मोठा फायदा मिंधेपणा नसण्याचा. बाबांना जपानच्या दालनात अर्धा तास रेंगाळायचं असेल तर खुशाल रेंगाळू दे.

खरी अडचण येते ती भोवतालच्या माणसांची. स्कूटरवर बसलेला माणूस त्यांच्या कमरेच्या उंचीवर असतो, आणि त्यांचे डोळे किल्ल्यावर किंवा फोनवर. थांबता यावं म्हणून बाबा पुढे चार पावलं जागा सोडतात. ती जागा लोकांना मोकळी वाटते आणि कुणीतरी बाबागाडीसकट तीत शिरतं. पुन्हा अंतर सोडा, पुन्हा कुणी शिरणार. धक्का लागलाच तर वाकडी नजर मात्र स्कूटरवाल्याकडे वळते, हे मला अजिबात पटत नाही. घरातल्या एकाने पुढे चालत वाट करून दिली की निम्मा त्रास वाचतो. रिव्हर्स घेताना मान मागे वळवावी लागते. मानेचं दुखणं असेल तर तेव्हाही कुणीतरी मागे उभं हवं.

व्हीलचेअर ढकलणारा उभा असतो, त्याला गर्दीच्या पलीकडचं दिसतं आणि खुर्ची चिंचोळ्या जागेतून सहज वळते. फक्त पायाची पट्टी पुढच्याच्या टाचेवर बसू नये इतकं जपायचं. पण जूनच्या दमट उकाड्यात, अ‍ॅनिमल किंगडम या तिथल्याच पार्काच्या खडबडीत चढांवर ढकलणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. ढकलणारा एकटाच असेल आणि त्यालाच लहान मूलही सांभाळायचं असेल, तर हा पर्याय विसरा.

चाकं असली की रांग लागत नाही, हा समज सोडून द्या. बऱ्याचशा रांगांत सगळ्यांबरोबरच थांबावं लागतं. काही राइड्सच्या रांगेत स्कूटर चालत नाही, ती बाहेर ठेवून व्हीलचेअर घ्यावी लागते. ‘पीटर पॅन्स फ्लाइट’मध्ये पाळणा थांबतच नाही, तिथे स्वतः चालत चढता आलं पाहिजे.

पार्कातली स्कूटर आगाऊ राखून ठेवता येत नाही आणि संध्याकाळी तिथेच परत करावी लागते. बाहेरच्या भाडेवाल्यांची हॉटेलवर पोचती होते. मग ती बसमध्येही चढवायची, तीही भरल्या बसच्या नजरेसमोर नीट लावायची. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी पार्कातलीच घ्यावी.

माझं मत विचाराल तर एपकॉटला स्कूटर, कारण रस्ते रुंद आणि अंतरं लांब. किल्ल्याच्या पार्काला, म्हणजे मॅजिक किंगडमला, आलटून पालटून ढकलणारे दोघे असतील तर व्हीलचेअर. तिथे मेन स्ट्रीटवर घोड्यांच्या ट्रामचे रूळ आहेत. चाक अडकू नये म्हणून ते सरळ काटकोनात ओलांडायचे. आतषबाजी संपल्यावर सगळी गर्दी एकदम दाराकडे लोटते, तेव्हा अर्धा तास दुकानाच्या आडोशाला बसून राहणं बरं.

आईने आयुष्यात सायकलही चालवली नसेल तर आदल्या दिवशी मोकळ्या जागेत सराव करून घ्या, आणि पदर किंवा ओढणी खोचलेली आहे ना ते पाहा. नातवाला मांडीवर घेण्याचा मोह होईलच. पण पार्काच्या स्कूटरवर एकच माणूस बसवायचा असा नियम आहे, आणि नातवाचा हात नेमका लिव्हरवरच जातो.