डेबियन १३ आणि आमची मराठी पुस्तिका: सात महिन्यांच्या वापरानंतर

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हा आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत अकरा जुने संगणक होते. विंडोज ११ त्यांच्यावर बसेना, म्हणून डेबियन १३ ही लिनक्सवरची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरलं. दर वेळी मला बोलावणं नको, म्हणून चौदा पानांची मराठी पुस्तिका लिहिली आणि झेरॉक्स काढून काउंटरवर ठेवली. पुढे सभासदही ती घरी नेऊ लागले. आता पाचवी आवृत्ती चालू आहे. हा अनुभव इन्स्टॉलरचा, म्हणजे डेबियन संगणकावर बसवणाऱ्या प्रोग्रॅमचा, कमी आणि त्या पुस्तिकेचाच जास्त आहे.

इन्स्टॉलरबद्दल थोडक्यात. डेबियन १२ पासून, म्हणजे जून २०२३ पासून, वायफाय वगैरेंना लागणारं फर्मवेअर (ती उपकरणं चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) अधिकृत आयएसओमध्येच, म्हणजे इन्स्टॉलेशनच्या मूळ फाइलमध्येच, येतं. पूर्वी ते वेगळं शोधावं लागायचं, ती कटकट गेली. डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत ३२-बिट, म्हणजे फार जुन्या प्रोसेसरच्या, पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. हे मी पुस्तिकेत लिहिलं नव्हतं, त्यामुळे एका काकांनी माळ्यावरचा जुना पीसी खाली उतरवून अख्खा रविवार घालवला. एवढं सोडलं तर इन्स्टॉलरबद्दल माझी तक्रार नाही. अडचणी आल्या त्या बहुतेक माझ्या लिहिण्यामुळे.

पहिल्या आवृत्तीच्या शेवटी ‘सूचना असल्यास लिहा’ अशी चौकट होती. महिनाभरात नऊ चौकटी भरून आल्या: ‘छान माहिती’, ‘उपयुक्त उपक्रम’, एकीत तर नुसतीच सही. मग एक दिवस ग्रंथपाल ताई संगणकावर बसल्या असताना मी मागे उभा राहिलो. डिस्कचे भाग पाडून झाले. ‘राइट द चेंजेस टू डिस्क्स?’ असा प्रश्न आला. त्याच्या उत्तरात मुळातच ‘नो’ निवडलेलं असतं. माझ्या पुस्तिकेत त्या जागी लिहिलं होतं, ‘पुढे जा’. ताईंनी ‘कंटिन्यू’ दाबलं आणि पुन्हा भागांची यादी समोर आली. परत दाबलं, परत यादी. “चार वेळा पुढे गेले, चार वेळा मागेच आले,” त्या म्हणाल्या. आधीच्या आठवड्यात चौकटीत ‘छान माहिती’ लिहिणाऱ्याही त्याच होत्या.

तेव्हापासून चौकटीतला मजकूर बदलला: ‘कुठे थांबलात? पान क्रमांक आणि स्क्रीनवरचे शब्द लिहा.’ डेबियनच्या मूळ मार्गदर्शिकेत इन्स्टॉलेशन सुरळीत झालं तरी अहवाल पाठवा असं सांगितलेलं आहे. तेही उचललं. त्यानंतर जे हाती आलं ते खरं उपयोगाचं होतं. कुणी समासात पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं होतं, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनचा तिरका फोटो पाठवला होता.

पान ९ वर अशी सर्वांत जास्त प्रश्नचिन्हं आली. तिथे रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा, पासवर्ड विचारतात. मी लिहिलं होतं, ‘लक्षात राहील असा पासवर्ड द्या.’ तसा दिला की नेहमीच्या वापरकर्त्याला सुडो (रूटच्या अधिकाराने कमांड चालवायची सोय) चालत नाही. रकाना रिकामा सोडला तर रूटचं खातं बंद राहतं आणि पहिल्या वापरकर्त्यालाच ते अधिकार मिळतात. दुसऱ्या आवृत्तीत ‘रिकामं सोडा’ एवढंच छापलं, तर लोक बिचकले. बँकेपासून सगळीकडे पासवर्ड रिकामा ठेवला की लाल अक्षरं येतात, मग इथेच कसं चालेल? तिसऱ्या आवृत्तीत कारणाचं एक वाक्य जोडलं, आणि त्या पानावरची प्रश्नचिन्हं थांबली.

ग्रबचं पानही असंच. ग्रब हा बूटलोडर, म्हणजे संगणक सुरू होताना डेबियन चालू करणारा छोटा प्रोग्रॅम. तो कुठे टाकायचा या यादीत पेनड्राइव्हही दिसतो. दोघांनी त्याच्यावरच टाकला. पेनड्राइव्ह काढला की संगणक सुरूच होईना. आता ‘कंसात एटीए अक्षरं असलेली ओळ निवडा, यूएसबी असलेली नको’ असं लिहिलंय. त्यावर एका मुलीचा शेरा आला, ‘पान १२ वरचा प्रश्न मला विचारलाच नाही, माझं काही चुकलं का?’ तिचा लॅपटॉप यूईएफआयचा (संगणक सुरू करण्याच्या नव्या पद्धतीचा) होता, तिथे तो प्रश्न येत नाही. एखादी पायरी आलीच नाही तर काय करायचं, हे मला सुचलंच नव्हतं.

शब्दांचा हट्ट माझाच होता. माउंट पॉइंटला (डिस्कचा भाग ज्या फोल्डरला जोडतात त्याला) मी ‘आरोहण बिंदू’ लिहिलं होतं. “घोड्यावर बसायचंय का?” असा शेरा परत आला. आता स्क्रीनवर जे दिसतं तेच देवनागरीत लिहितो. मराठी स्क्रीनही मिळते, पण फक्त ‘ग्राफिकल इन्स्टॉल’ निवडलं तर. नुसतं ‘इन्स्टॉल’ घेणाऱ्याला भाषांच्या यादीत मराठी सापडत नाही. स्क्रीनशॉट तर झेरॉक्समध्ये काळे ठिक्कर पडायचे, ते सगळे काढले. दोन पानं वाचली.

एक तक्रार मात्र लिहून आली नाही, माणूसच आला. ‘गाइडेड – यूझ एन्टायर डिस्क’ निवडून त्याने घरच्या पीसीवर डेबियन टाकलं आणि बहिणीच्या लग्नाचे फोटो गेले. बॅकअपची सूचना पुस्तिकेत होती, पण डिस्कच्या पायरीनंतर, तळटीप म्हणून. मूळ मार्गदर्शिकेत ती तिसऱ्या प्रकरणातच, काहीही करण्याआधी येते. पानं कमी करायच्या नादात मी ती मागे ढकलली होती. तो भांडला नाही. “दादा, हे आधी लिहायला हवं होतं,” एवढंच म्हणाला. काही फोटो नातेवाइकांच्या मोबाइलवर मिळाले, बाकीचे गेले ते गेलेच.

आता ती सूचना पहिल्या पानावर एकटीच आहे. त्याखाली काही छापलेलं नाही. झेरॉक्सवाला दर वेळी विचारतो, “हे पान अर्धं कोरंच ठेवायचं ना?”