घरपोच 'व्हिटॅमिन-हार्ट' पॅकेज: काय घ्यावं, काय सोडावं

पुण्यातल्या अनेक लॅब घरी येऊन रक्त नेतात आणि व्हिटॅमिन डी, बी-ट्वेल्व्ह, होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल, जास्त असलं की हृदयविकाराचा धोका जास्त मानतात), लिपिड (रक्तातली चरबी) अशा तपासण्या एका पॅकेजमध्ये बांधून देतात. लॅब कोणतीही असो, साचा साधारण हाच, म्हणून परीक्षण साच्याचं. आमचं मत: पॅकेज घेऊ नका, बी-ट्वेल्व्ह आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) सुटे सांगा.

बी-ट्वेल्व्हवरचा खर्च पुण्यात वाया जात नाही. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात ६७ टक्के जणांचं बी-ट्वेल्व्ह कमी होतं, शहरी मध्यमवर्गात तर त्याहून जास्त जणांचं. शाकाहारी जेवण आणि वर बरीच वर्षं मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) किंवा पॅन्टोप्राझोल (अॅसिडिटीची गोळी) चालू असेल तर शक्यता वाढते. बी-ट्वेल्व्ह फार घटलं की तांबड्या पेशी कमी बनतात, आणि तेवढाच ऑक्सिजन पोचवायला हृदयाला जास्त रक्त ढकलावं लागतं. आधीच अधू हृदय असेल तर धाप लागते, पाय सुजतात. सीबीसीमध्ये एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, १००च्या वर गेला की संशय पक्का होतो. पण सोबत लोहही कमी असेल तर एमसीव्ही साळसूदपणे नॉर्मल दिसतो. बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन नुकतंच घेतलं असेल तर आकडा फुगलेला येतो. केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्याही काही यंत्रांना चकवतात. त्या दोन-तीन दिवस आधी थांबवा.

घरपोच सेवेची खरी गोची होमोसिस्टीनमध्ये आहे. रक्त काढल्यावर तांबड्या पेशी ते सोडतच राहतात. नळी साध्या तापमानाला राहिली तर तासाला साधारण १० टक्के वाढ होते. नळी लगेच बर्फात हवी आणि तासाभरात सेंट्रिफ्यूज व्हायला, म्हणजे यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या व्हायला हव्यात. सकाळी सातला कोथरूडला घेतलेलं सॅम्पल बाणेर, वाकड करत अकराला लॅबमध्ये पोचणार असेल, तर १२चे १७ झालेले असू शकतात, आणि रिपोर्टवर १५च्या वरचं सगळं लाल. हे करायचंच असेल तर लॅबमध्ये जाऊन करा. शिवाय आकडा खरा निघाला तरी पुढे काय? गोळ्यांनी होमोसिस्टीन उतरतं, पण हजारो लोकांवरच्या मोठ्या औषध-चाचण्यांत त्यामुळे हार्ट अटॅक कमी झाल्याचं दिसलं नाही.

व्हिटॅमिन डीचंही तसंच. हाडांसाठी तपासा, हृदयासाठी नको. २०१८च्या 'व्हायटल' या मोठ्या औषध-चाचणीत रोज २००० युनिट देऊनही हृदयविकार घटला नाही. ६०,००० युनिटचं पाकीट सहसा आठवड्याला एक असतं. ते रोज घेणारे लोक आहेत, आणि मग रक्तातलं कॅल्शियम चढतं.

नावात 'हार्ट' असूनही या पॅकेजमध्ये सहसा बी-वन, म्हणजे थायमिन, नसतं. याची कमतरता मात्र थेट हार्ट फेल्युअर घडवते. शरीरातला साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. अति मद्यपान, न थांबणाऱ्या उलट्या, बॅरिअॅट्रिक (वजन घटवायची) शस्त्रक्रिया आणि लघवीवाटे थायमिन बाहेर काढणारं फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) ही नेहमीची कारणं. अर्थात पॅकेजमध्ये ते घातलं तरी उपयोग बेताचाच. ही तपासणी सिरमवर (पेशी काढलेल्या रक्तद्रवावर) नाही, अख्ख्या रक्तावर, सॅम्पल उजेडापासून झाकून करावी लागते आणि रिपोर्टला काही दिवस जातात. पायांवर सूज, जोराची धडधड, धाप आणि तरी हात गरम, अशा पेशंटला डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता थायमिन शिरेतून देतात. अशा वेळी सॅम्पलवाल्याचा स्लॉट बुक करत बसू नका, थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या.