कळलावी वाचवायची तर कोणता मार्कर घ्यावा? आयएसएसआर, एसएसआर की एसएनपी

श्रावण सरता सरता गौताळा अभयारण्याच्या डोंगरउतारावर कळलावी फुलते. पानाच्या टोकाला फुटलेल्या तणाव्याने ती शेजारच्या काटेरी फांदीला धरून वर चढते. पाकळ्या बुडाशी पिवळ्या, वर लालभडक, आणि स्त्रीकेसराची दांडी बुडातूनच काटकोनात बाजूला वळलेली. दुसऱ्या फुलाचे परागकण मिळावेत म्हणून ही सोय. जमिनीखालचा कारभार मात्र वेगळा. जुना गड्डा दरवर्षी सुकतो आणि त्याच्या जागी दोन फाट्यांचा नवा गड्डा तयार होतो. नांगरासारख्या या आकारावरूनच तिला संस्कृतात लांगली म्हणतात. फाटे तुटले की एकाच्या दोन वेली होतात, दोन्ही हुबेहूब एकाच रक्ताच्या.

एका गुराख्याने काठीने माती उकरून मला हेच दाखवलं होतं. "सर, ही समदी एकाच गड्ड्याची लेकरं हैत." मी वीस वेली मोजून वहीत वीस लिहिलं होतं. खरा आकडा दोनही असू शकत होता.

सगळा प्रश्न इथेच आहे. देशभर पाहिलं तर कळलावी अजून संपायला टेकलेली नाही, पण गड्ड्यातल्या आणि बियांतल्या कोल्चिसिन या औषधी रसायनासाठी ती खणून नेली जाते आणि एकेका टेकडीवरून गायब होते. रोपवाटिका करायची तर गड्डे कुठून घ्यायचे, गौताळ्याचं बी मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगररांगेत लावावं का, हे डोळ्यांनी ठरत नाही. त्यासाठी डीएनएतल्या खुणा, म्हणजे मार्कर, वाचाव्या लागतात. जवळच्या नात्यातल्या संकराचा फटका टाळायला परिणामकारक संख्या, म्हणजे पुढच्या पिढीत खरोखर वाटा देणाऱ्या झाडांची संख्या, किमान ५० आणि दीर्घकाळ टिकायला ५०० असावी, हा १९८० पासूनचा ठोकताळा आहे. (आता बरेच अभ्यासक याच्या दुप्पट धरतात.) त्यात एका गड्ड्याची वीस लेकरं वीस म्हणून धरता येत नाहीत.

आरएपीडी या जुन्या मार्करचं आधी सांगतो, कारण लहान प्रयोगशाळांत अजून त्याचाच मोह होतो. १९९० मध्ये आलेलं हे तंत्र स्वस्त आहे आणि झाडाच्या डीएनएची काहीच पूर्वमाहिती लागत नाही. पण प्रायमर, म्हणजे डीएनएला चिकटून त्याची नक्कल सुरू करून देणारा तुकडा, अवघा दहा अक्षरांचा, म्हणून तो सैल चिकटतो. मी शिकत असताना एकाच पानाचा डीएनए सोमवारी आणि गुरुवारी चालवला, तर डीएनएच्या तुकड्यांचे पट्टे वेगळे आले. त्यातच पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याचं काम, अर्ध्यावर असताना वीज जायची. वर्षभराचं काम टाकून द्यावं लागलं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने या वाटेला जाऊच नये.

आयएसएसआर १९९४ चं. प्रायमर लांब, दोन-तीन अक्षरांच्या पुनरावृत्तीवर बेतलेला, त्यामुळे जास्त तापमानाला घट्ट चिकटतो आणि पट्टे बरेच स्थिर येतात. पीसीआर यंत्र, तुकडे लांबीनुसार वेगळे करणारं अ‍ॅगरोजचं जेल आणि अतिनील दिवा असलेल्या कोणत्याही महाविद्यालयात हे जमतं. उणीव एकच, पण मोठी: पट्टा आहे किंवा नाही एवढंच कळतं. आई आणि बाप दोघांकडून आलेला पट्टा आणि एकाकडूनच आलेला पट्टा जेलवर सारखाच दिसतो. म्हणून अंतःप्रजननाचा, म्हणजे नात्यातल्या संकराचा, थेट हिशेब यातून निघत नाही. "या वीस वेली म्हणजे किती झाडं?" याचं उत्तर मात्र पुरेसे प्रायमर घेतले तर चांगलं मिळतं. त्या गुराख्याच्या जागेवरच्या पानांचे पट्टे जेलवर शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा एका झुडपातले एकमेकांवर तंतोतंत बसत होते. वहीतला वीसचा आकडा मी त्याच दिवशी खोडला.

एसएसआर, म्हणजे मायक्रोसॅटेलाइट, पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या अक्षरगटाची लांबी मोजतो आणि आई-बाप दोन्ही बाजू दाखवतो. एका जागी १४८ आणि १५४ अशा दोन लांबी दिसल्या की एक आईची, एक बापाची. रोपवाटिकेतल्या बियांच्या रोपांना बाप कोण, टेकडीवरच्या वेली आपसातच संकर करून थकल्यात का, यासाठी माझी पसंती यालाच. अडचण तयारीची आहे. प्रायमर त्या जातीसाठीच बनवलेले लागतात, किंवा निदान त्याच कुळातल्या जवळच्या जातीवर तपासलेले. लांबी अचूक मोजायला केशनलिकेचं यंत्र लागतं, ते सहसा बाहेरच्या प्रयोगशाळेत. नांदेडकरांना पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ पडतं. आधी कोणी प्रायमर प्रसिद्ध केलेत का ते शोधा. मिळाले तर निम्मं काम झालं.

एसएनपीमध्ये एका अक्षराचा फरक हजारो जागी एकदम वाचतात. डीएनए कापून त्याचे निवडक तुकडे वाचण्याचं जीबीएस हे तंत्र २०११ मध्ये आलं, दुहेरी कापणीचं आरएडी २०१२ मध्ये. दोन्हींना जातीचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, आधी माहीत असावा लागत नाही. मोठा फायदा असा की निकाल म्हणजे साक्षात डीएनएची अक्षरं. पाच वर्षांनी दुसऱ्या विद्यार्थ्याने बालाघाटातले नमुने त्याच पद्धतीने वाचले, तर ते तुमच्या आकड्यांना जोडता येतात. आयएसएसआरचं जेल असं जोडता येत नाही. पण डीएनए शुद्ध आणि अखंड लागतो, माहिती चाळायला जाणकार माणूस लागतो, आणि मोजक्या नमुन्यांसाठी खर्च अंगावर येतो.

बाजारातला वाळका गड्डा कळलावीचाच आहे का, एवढंच ओळखायचं असेल तर वरचं काहीच नको. २००९ मध्ये वनस्पतींसाठी ठरलेले आरबीसीएल आणि मॅटके हे बारकोड, म्हणजे जात ओळखण्याचे ठरावीक डीएनए-तुकडे, बहुधा पुरतात.

माझा सल्ला असा. हातात एकच वर्ष आणि महाविद्यालयाचीच प्रयोगशाळा असेल तर आयएसएसआर घ्या आणि प्रश्न वेलींच्या मोजणीपुरता ठेवा. बियांपासून रोपं करून डोंगरावर परत लावणार असाल तर एसएसआरशिवाय उतरू नका. तीन-चार जिल्ह्यांतल्या टेकड्या जोडून पाहायच्या असतील आणि संगणकावर बसणारा साथीदार असेल, तरच एसएनपी.

मार्कर कोणताही घ्या, पान मात्र नीट जपा. अभयारण्यात वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्या. वेलींची मोजणीच करायची नसेल तर एका झुडपातून एकच पान, पुढचं झुडूप काही पावलं सोडून. पान कोवळं घ्या आणि लगेच निळ्या सिलिका जेलच्या पुडीत घाला. खडे गुलाबी झाले की बदला. ओलसर राहिलेल्या पानाचा डीएनए नळीच्या तळाशी तपकिरी, चिकट गोळा होऊन बसतो आणि पीसीआर चालतच नाही. प्रत्येक पानाच्या दोन पुड्या करा, दोन्हींवर तारीख आणि जागा पेन्सिलने लिहा. एक आत्ताच्या आयएसएसआरसाठी, दुसरी कोरड्या डब्यात बंद, पुढे पैसे आले की एसएनपीसाठी.