राजकीय जोखमीचा विमा: मिगा की खासगी कंपनी?

विकसनशील देशात पैसा गुंतवताना 1988 साली स्थापन झालेली, जागतिक बँक गटातली ‘मिगा’ (बहुपक्षीय गुंतवणूक हमी संस्था) सरकारी जप्ती, युद्ध अशा राजकीय जोखमींविरुद्ध भांडवलाच्या 90 टक्क्यांपर्यंत हमी देते, साधारण 15 वर्षांसाठी. अडचण अशी की अर्ज गुंतवणूक पक्की होण्याआधीच करावा लागतो, यजमान सरकारची संमती लागते आणि पर्यावरणाची छाननी वेळ खाते. लंडनच्या बाजारातली खासगी पॉलिसी लवकर हाती येते. पण देश अस्थिर असला की हप्ता चढतो किंवा विमा मिळतच नाही. वीज, रस्ते अशा लांब पल्ल्याच्या प्रकल्पांना म्हणूनच मिगा बरी. दाव्याची वेळ येण्याआधी सरकारशी बोलून तंटा मिटवणं, हे तिचं खरं बळ.

एक गैरसमज नेहमीचा: स्थानिक चलन घसरल्याचा तोटाही या विम्यात येतो. तो येत नाही. नफ्याचे डॉलर करून बाहेर नेण्यास सरकारने अडवलं, तरच चलनापोटी भरपाई.