प्लग-इन हायब्रिड: उन्हाळ्यात चार तारे, हिवाळ्यात अडीच

ऑगस्टमध्ये लिहिलं असतं तर चार तारे दिले असते. राहतो स्टुटगार्टला, गाडी कंपनीची, प्लग-इन हायब्रिड: पेट्रोल इंजिनही आणि प्लगला लावून चार्ज होणारी बॅटरीही. घेतली ती निव्वळ कर बघून. जर्मनीत कंपनीची गाडी घरच्या कामाला वापरली की दरमहा तिच्या छापील किमतीचा 1 टक्का आपल्या उत्पन्नात धरतात, प्लग-इनला अर्धाच. पर्यावरण वगैरे नंतर.

उन्हाळाभर घर-ऑफिस विजेवर झालं. इंजिन आहे हे विसरायला होत होतं.

मग थंडी पडली. काच धुरकटली म्हणून हीटर लावला, तर बॅटरी भरलेली असूनही पेट्रोल इंजिन सुरू! बटण दाबून इलेक्ट्रिक मोड घेतला तरी तेच. मुलीची शाळा ती केवढ्या अंतरावर. इंजिन आणि धूर साफ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर तापायच्या आत पोचतोसुद्धा, आणि धूर सगळ्यात घाण तो तेवढ्यातच. सर्व्हिस सेंटरवाले म्हणे, "डिझाइनच तसं आहे." वर तपासणीचं बिल. बऱ्याच मॉडेलांत केबिनसाठी विजेवरचा हीटर असतो. या गाडीत तो वाचवलाय, एवढी किंमत मोजून! सध्या मी टोपी-मफलर घालून गाडी चालवतो. बायको मागे बसते, बोलत नाही.

हीटरवर चिडलेलो असतानाच महिन्याचा हिशेब मांडला, तर खरी गोम वेगळीच निघाली. पेट्रोलचं कार्ड कंपनीचं, घरची वीज माझ्या खिशातून. म्हणजे इमानदारीत चार्ज करणारा मीच तोट्यात. फ्राउनहोफर ही जर्मन संशोधन संस्था आणि वाहनांच्या प्रदूषणावर काम करणारी आयसीसीटी, यांच्या 2022 च्या अभ्यासात खासगी प्लग-इन जेमतेम 45 ते 49 टक्के अंतर विजेवर धावतात, कंपनीच्या 11 ते 15 टक्के. का, ते माझ्या वीजबिलात दिसतं. युरोपीय आयोगाने 2024 मध्ये गाड्यांमधलीच नोंद काढली, तेव्हा प्लग-इनचं प्रत्यक्ष उत्सर्जन कागदावरच्या साडेतीनपट भरलं.

तरी 'प्लग-इन म्हणजे फसवणूक' हे मला पटत नाही. घरी प्लग आहे, पेट्रोल स्वतःच्या पैशाने भरतो आणि वर्षातून एकदा लांब जातो, अशा माणसाला ती ठीक. पण कराची सवलत प्रत्यक्ष चार्जिंग बघून द्या की! गाडी स्वतः सगळं मोजते.

लीज संपली की पूर्ण इलेक्ट्रिक. तिला पाव टक्काच धरतात. तुम्ही प्लग-इनच घेणार असाल तर ट्रायल जानेवारीत, सकाळी घ्या आणि बसल्या बसल्या हीटर लावा.