पापलेट, हलवा की रूपचंद? घ्यायच्या आधी हे वाचा

मागच्या रविवारी पुतणीचा फोन, काकू आठ माणसं जेवायला येतायत, पापलेट आणू की हलवा, आणि ॲपवर तर तिसराच एक 'पॉम्फ्रेट' दिसतोय एकदम स्वस्तात. तो स्वस्तातला मासा मला चांगलाच माहितीये, दोन वर्षांपूर्वी मीच तो पापलेट समजून मागवला होता आणि पिशवी उघडली तर आत रूपचंद. पैशांचं सोडा, सासऱ्यांच्या घशात काटा अडकला त्याचं मला आजही वाईट वाटतं. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहिते.

आधी नावं, कारण सगळा घोळ तिथेच आहे. पापलेट म्हणजे चंदेरी पॉम्फ्रेट, मालवणात मोठ्याला सरंगा म्हणतात. पॉम्फ्रेट हा शब्द पोर्तुगीज 'पाम्पो' वरून आलाय असं मानतात आणि आपलं पापलेट त्याचंच घरगुती रूप. शास्त्राच्या पुस्तकात घराण्याचं नाव स्ट्रोमॅटिडी, वंश पाम्पस. जुन्या पुस्तकांत 'पाम्पस अर्जेंटियस' लिहिलेलं सापडेल पण हल्ली आपल्याकडच्या पापलेटाला 'पाम्पस कँडिडस' म्हणून वेगळं धरतात. 2023 मध्ये हाच महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. चायना पापलेट पण याच वंशातलं, सख्खं भावंडच, फक्त ते जास्त गोलसर, तोंड बोथट आणि शेपटीची दोन्ही टोकं जवळपास सारखी, आपल्या पापलेटाचं खालचं टोक लांब असतं.

हलव्याला इंग्रजीत ब्लॅक पॉम्फ्रेट म्हणतात म्हणून लोक त्याला काळं पापलेट समजतात, पण तो त्या घराण्यातलाच नाही!! तो काट बांगड्याच्या घराण्यातला, कॅरँजिडी. खात्री करायची तर शेपटीच्या बुडाशी बाजूने बोट फिरवा, टणक खवल्यांची खरखरीत ओळ लागते, पापलेटाला ती अजिबात नसते. केरळातही एकाला वेळुत्त आवोली म्हणजे पांढरी आणि दुसऱ्याला करुत्त आवोली म्हणजे काळी म्हणतात, म्हणजे दिसण्यावरून नातं जोडायची सवय आपल्यालाच नाही. परदेशात राहणाऱ्यांनी गोल्डन पोम्पानोकडे लक्ष ठेवा, फ्रोझनमध्ये तो गोल्डन पॉम्फ्रेट म्हणूनही विकतात, तोही हलव्याच्याच घराण्यातला. कुवेतकडे असाल तर सरळ 'जुबैदी' मागा, ते खरं पापलेट.

आणि रूपचंद. हा तर समुद्रातला पण नाही, मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा, आपल्याकडे तळ्यांत वाढवतात. बांगलादेशात खऱ्या समुद्री पापलेटालाच रूपचांदा म्हणतात त्यामुळे गोंधळात आणखी भर. ओळखायला सोपा, छातीवर लालसर झाक, अंगावर नीट दिसणारे खवले, आणि तोंड उघडून बघा, माणसासारखे दात दिसतात. एकदा बघितले की विसरणार नाही.

आता खायचं म्हणाल तर पापलेटाला मधला काटा सोडला तर त्रास देणारं काही नाही, मांस पांढरं, मऊ, वास जवळपास नाहीच, म्हणून लहान मुलं, म्हातारी माणसं, पहिल्यांदा मासे खाणारे यांच्यासाठी बिनधास्त घ्या. हिरवी चटणी भरून अख्खं तव्यावर टाकायचं तर तेच हवं. पण मऊ आहे म्हणूनच कालवणात जरा जास्त उकळलं की तुकडी फुटते. हलव्याचं मांस घट्ट, थोडं काळपट, समुद्राची चव जास्त, तिरफळ-कोकम घातलेल्या तिखट रश्श्यात तो मस्त टिकतो, रवा लावून तळला तरी तुकडी जाड आणि रसाळ राहते. आणि किलोमागे पापलेटापेक्षा बराच स्वस्त पडतो. मला विचाराल तर आठ-दहा माणसांच्या कालवणात पापलेट घालणं म्हणजे महाग मासा वाया घालवणं, तिथे हलवाच. रूपचंद वाईट मासा नाही, ताजा असेल तर मसाला लावून चांगला लागतो, पण मांसात बारीक दुतोंडी काटे असतात, मुलांना देताना बोटाने चाचपून द्या, आणि रूपचंदच्या भावातच घ्या.

ताजेपणा बघायची एक खूण मला पालघरच्या बाजारातल्या मावशींनी शिकवली. पापलेट हातात घेऊन कल्ल्याजवळ अंगठ्याने दाबायचं, पांढरट पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर ठेवून द्यायचं. मावशी रागावत नाहीत, उलट गिऱ्हाइकाला कळतं म्हटल्यावर खालच्या टोपलीतला चांगला माल बाहेर काढतात. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा मोठं पापलेट 'आजचंच' म्हणून कोणी देत असेल तर आधी ही खूण करून बघा.

आणि एक कळकळीने सांगते, तळहाताएवढी पण नसलेली पापलेटं वाट्यावर स्वस्त मिळतात ती घेऊ नका. ती पिल्लं आहेत, अजून एकदाही अंडी न घातलेली. बारीक आसाच्या, म्हणजे बारीक भोकांच्या, जाळ्यात ती सापडतात आणि सातपाटीकडचे मच्छीमार स्वतःच सांगतात की मोठं पापलेट पूर्वीसारखं मिळत नाही. तेवढ्याच पैशात एक बरा हलवा येतो की.

पुतणीने शेवटी कालवणाला एक मोठा हलवा घेतला, आणि सासूबाईंसाठी भरायला एकच पापलेट, दाबून बघून, पांढरं पाणी आलेलं.